ऱ्हस्व-दीर्घ

परदेशीपुऱ्यातली ती खोली मला आठवत नाही,
काका सांगतो तेवढीच माहीत:
दहा बाय नऊ, वर पत्रा,
पश्चिमेला एक खिडकी, हातरुमालाएवढी,
तिच्यातून मिलचा भोंगा दिवसातून तीनदा आत यायचा.
एक सतरंजी, दोन भाऊ.
भिंतीकडे तुळाजी, माझे बाबा,
खिडकीकडे धाकटा हैबती,
कारण लहानपणी तो उकाड्यात रडायचा.
पुढे मिशा फुटल्या, बायका आल्या,
जागा कुणी बदलली नाही.

दोघं एकाच पिंजण खात्यात.
भुवयांवर कापूस घेऊन परतायचे,
एका गडव्यातलं पाणी, एक बिडी अर्धी अर्धी.
शहात्तरच्या थंडीत
बाबांच्या रुमालावर तांबडा ठिपका आला.
हैबतीकाकाच्या रुमालावर तो आजतागायत आलेला नाही.

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची.
आत्याचं ठरलेलं लग्न देवासहून एका पोस्टकार्डाने मोडलं:
"आपल्या कुळात क्षय असल्याचे समजले."
अक्षर सुरेख होतं, आत्या सांगते,
वेलांट्या अगदी पुस्तकातल्यासारख्या.

आता मी एम.वाय.च्या मागल्या इमारतीत रक्त काढते.
एक नळी आजारी माणसाची,
एक त्याच घरात, त्याच ताटात जेवून
धडधाकट राहिलेल्याची.
जांभळी टोपणं, बर्फाचा डबा, नावाऐवजी आकडा.
डॉक्टर निगार कुरेशी बशीतून चहा पिता पिता सांगतात:
जंतू पुष्कळांच्या छातीत शिरतो,
बहुतेकांच्यात जन्मभर झोपून राहतो.
पहाऱ्यावरची पेशी त्याला गिळते, वर झाकण लावते.
कुणाचं झाकण घट्ट बसतं, कुणाचं किलकिलं राहतं.
कधी कधी फरक असतो एका अक्षराचा,
तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत.

मला मराठी शाळेतल्या राजोपाध्येबाई आठवल्या.
फळ्यावर दोन शब्द लिहून हातावरचा खडू झटकायच्या:
सुत. सूत.
पहिला उकार दिलात तर मुलगा,
दुसरा दिलात तर धागा.
आम्ही मिलवाल्यांची पोरं खिदळायचो.
आमच्याकडे एक तुटलं की दुसरं जोडायला उभं करत.

"पण एकच अक्षर नसतं," डॉक्टर म्हणतात,
"शेकडो असतात, एकेकाचं वजन मोहरीएवढं.
भूक, धूळ, कोंदट खोली, ते आणखी वेगळं तोलायचं."
मी मान हलवते. मला भीती निराळीच आहे.
हे सगळं छापून येईल,
मोहरीचं वाक्य कुणी वाचणार नाही,
आणि देवासला, नाहीतर इथेच, आमच्याच गल्लीत
कुणीतरी पुन्हा सुरेख अक्षरात
कुळ हा शब्द लिहायला घेईल.

काल काका आला. बहात्तर वर्षांचा, बाही दुमडून तयार.
सुई शिरताना तोंड फिरवलं
ते खिडकीकडेच.
नळी भरत होती तेव्हा म्हणाला,
"दादाच्या वाट्याची हवा मी खाल्ली, असं वाटत राहतं गं."
मी म्हटलं, काका, कदाचित तुझ्यात
एखादं अक्षर वेगळं असेल.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, "म्हणजे खिडकीचा काही संबंध नाही?"

डॉक्टर असत्या तर त्यांनी नीट सांगितलं असतं.
मी कापसाचा बोळा त्याच्या कोपरात ठेवला.
तो बोळ्याकडे बघत राहिला,
पिंजलेल्या कापसाकडे बघावं तसा,
धागा किती लांब निघेल, याचा अंदाज घेत.
म्हटलं, दाबून धर, दोन मिनिटं.
त्याने धरला.

नळीवर आकडा लिहिला, एकशे सतरा,
आणि डब्यात ठेवली, बर्फात,
एकशे सोळाच्या शेजारी.
एकशे सोळा माझी आहे.